‘चालू’ रकान्यातली एकोणीस कामं

“मॅडम, ऑफिसात बोर्ड लागला आणि मी उघडा पडलो.”

शब्द थोडेफार वेगळे असतात, पण हे वाक्य समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं ‘बोर्ड’ म्हटलं की पुढचं मला कळतं. हिंजवडीचे, खराडीचे आयटीतले लोक तर येतातच; मध्यंतरी एका आर्किटेक्टच्या ऑफिसातली मुलगीही हेच सांगत आली. बोर्ड म्हणजे कानबान बोर्ड. करायचंय, चालू, झालं असे रकाने आणि प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काम पुढे गेलं की चिठ्ठी उजवीकडे सरकते. पूर्वी भिंतीवर चिकटवायचे, आता बहुतेक ठिकाणी स्क्रीनवर असतो. दिवसभर मान मोडून काम केलं तरी चिठ्ठ्या जागच्या हलत नाहीत, आणि ते सगळ्या टीमला दिसतं, ही तक्रार. त्यावरून काढलेला निष्कर्षही ठरलेला: माझ्यातच काहीतरी खोट आहे.

त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं, तपशील बदलून सांगते. वय चौतिशीचं, सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड, राहायला सिंहगड रोडला. रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत. झोप कमी झालेली, रविवारी दुपारपासूनच छातीत धडधड.

मी त्याला चिठ्ठ्यांचं पिवळं पुडकं दिलं आणि म्हटलं, “तुझा बोर्ड माझ्या टेबलावर मांड.”

मांडला. ‘चालू’ रकान्यात एकोणीस चिठ्ठ्या.

“यातल्या किती कामांना आज हात लावलास?”

“तीन.”

“मग बाकीची सोळा?”

“चालू आहेत.”

“चालू म्हणजे?”

तो वैतागला. अशा वेळी मी गप्प बसते. वैताग हा बहुधा शुभशकुन असतो. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच आठ चिठ्ठ्या बाजूला काढल्या. कुठे क्लायंटचं उत्तर यायचं होतं, कुठे दुसऱ्या टीमनं अडवलं होतं. दोन चिठ्ठ्या तर ज्युनिअरच्या. त्याला जमणार नाही म्हणून यानं ओढून घेतलेल्या.

“ही ‘चालू’मध्ये का ठेवलीस?”

“थांबलेलं दाखवलं तर मी पाठपुरावा करत नाही असं वाटेल.”

इथे वाचणाऱ्यांनी पहिली गोष्ट टिपून घ्यावी. बोर्डवर ‘वाट पाहतोय’ असा वेगळा रकाना हवा, आणि त्यातल्या प्रत्येक चिठ्ठीवर कुणाची वाट आणि कधीपासून, एवढं लिहायचं. जे काम आपल्या हातातच नाही, त्याचं ओझं डोक्यावर घेऊन माणूस रात्री जागतो, आणि कारण विचारलं तर म्हणतो, कामाचा लोड आहे.

पुढचं काम गणितानं सोपं केलं. रांगेचा एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला: हाती असलेल्या कामांना आठवड्याला पुऱ्या होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला सरासरी किती वेळ लागेल ते कळतं. तो आठवड्याला साधारण दोन कामं संपवत होता. म्हणजे एकोणीस कामं हाती असताना प्रत्येक कामाला साडेनऊ आठवडे. तोच माणूस, तोच वेग, पण हाती चारच कामं असली तर दोन आठवडे. विद्यापीठ चौकात संध्याकाळी सगळ्यांनी गाड्या पुढे घातल्या की काय होतं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

इंजिनिअरला गणित पटतं. तरी पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या एकवीस झाल्या होत्या.

पटणं आणि पचणं यांत अंतर असतं, आणि माझं खरं काम त्या अंतरात चालतं. मी त्याला एक वाक्य म्हणायला लावलं: “सर, घेतो. हातातल्या चारांपैकी कोणतं मागे ठेवू, तेवढं सांगा.” सात-आठदा म्हणायला लावलं. दर वेळी सुरुवातीला ‘सॉरी’ यायचंच.

“सॉरी कशाबद्दल?”

“कामाला नाही म्हटलं की मी कामाचा नाही, असं वाटतं.”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या परंपरेतली. आम्हा लोकांचे कान ‘च’ शोधत असतात. मी आलेलं प्रत्येक काम घेतलंच पाहिजे. मला कुणी रिकामं पाहताच कामा नये. इच्छेला ‘च’ चिकटला की तिचा हुकूम होतो. हा ‘च’ कुठून आला विचारलं, तर तो म्हणाला, “बाबांकडून. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते. रिकामे बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत.”

कानबानचा जन्म कॉम्प्युटरवरचा नाही, हे मला ठाऊक होतं. कानबान म्हणजे जपानीत पाटी, फलक. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी ही पद्धत कार्डं वापरून बसवली, आणि सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून: फळीवरचं जेवढं उचललं जाईल तेवढंच मागून भरायचं. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली २००० नंतर. पुण्याच्या वाहन उद्योगात बोर्डाच्या आधी कार्डं येऊन गेली असणार, असा माझा अंदाज होता. म्हणून सहज विचारल्यासारखं म्हटलं, “बाबांना हा बोर्ड दाखवलास का कधी?” सहज नव्हतं ते.

पाचव्या भेटीला तो आला तो बसायच्या आधीच बोलायला लागला. बाबा म्हणाले होते, “आमच्याकडे कसला बोर्ड? पेटीला कार्ड असायचं. पुढच्या लाइनवरून रिकामी पेटी कार्डासकट परत आली की तेवढेच पार्ट काढायचे. कार्ड नाही तर मशीन बंद.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“मशीन पुसायचो. शेजारच्याला हात द्यायचो. नाहीतर उभे राहायचो.”

“साहेब बोलायचे नाहीत?”

“जास्त काढले तर बोलायचे.”

एवढं सांगून तो थांबला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, बाबा उभे राहायचे.” पुन्हा एकदा तेच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बोलले काहीच नाही. बावीस वर्षांत जे थोडंफार शिकले, त्यात अशा वेळी गप्प बसणं वरच्या नंबरला आहे.

त्या दिवशी त्यानं ‘चालू’च्या डोक्यावर चारचा आकडा लिहिला. मूळ कार्ड हे ‘आता बनव’ अशी परवानगी होतं, आणि ती नसेल तर थांबण्याचीही. आपल्या ऑफिसांनी रकाने घेतले, चिठ्ठ्या घेतल्या, ही मर्यादा मात्र सोडून दिली, आणि बोर्डाचं प्रगतिपुस्तक झालं.

तुमच्या ऑफिसात असंच असेल, तर निदान स्वतःपुरता बोर्ड घरी कपाटाच्या दारावर लावा. चिठ्ठीवर ‘रिपोर्ट’ लिहू नका, ‘रिपोर्टचं पहिलं पान पूर्ण करून पाठवणे’ लिहा. काम संपलं हे कळायला हवं. सकाळी नजर आधी उजवीकडे टाका: जे संपत आलंय ते आधी. आई-वडिलांचा दवाखाना, मुलांची शाळा यांच्याही चिठ्ठ्या लावा, कारण तीही कामंच आहेत आणि चारात मोजली जातात. साहेबांनी मर्यादा मोडली तर चिडू नका, कोणती चिठ्ठी मागे न्यायची ते त्यांनाच विचारा. तरीही कंपनी चिठ्ठ्या मोजून लोकांना भरडतच असेल, तर तो दोष तुमच्या मनाचा नाही. तिथे समुपदेशन पुरत नाही, नोकरीचा विचार करावा लागतो. आणि झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर बोर्ड राहू द्या, मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. ऑफिसात कुटुंबीयांना बोलावलं होतं, तेव्हा बाबांना घेऊन गेला होता. बाबा बोर्डासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “वर चार लिहिलंयस. मग ही पाचवी कुणाची?”