एबीएसच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी: जुनी मोटरसायकल घेऊन फसलेल्या वाचकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तिच्यात बिघाड असला की मीटरवरचा तिचा दिवा पेटून राहतो): "मी कामोठ्याला राहतो, नोकरी ऐरोलीला. ठाण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून २०२१ सालची १५० सीसीची मोटरसायकल ६८ हजारांना घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराने लिहिलं होतं, 'एबीएस चालू, एक रुपयाचं काम नाही.' पंधरा दिवसांत बॅटरी बसली. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने मीटर उघडलं तर एबीएसच्या दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावलेली. ती काढल्यापासून दिवा पेटतो तो विझतच नाही. दुकानदार पावतीवरचा शिक्का दाखवतो: 'गाडी जशी आहे तशी दिली, नंतर तक्रार चालणार नाही.' आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सेन्सर बदलून मोकळे होऊ. पोलिसांत जाऊ का?"

आधी त्या इलेक्ट्रिशियनला थांबवा. सेन्सर बदलला आणि एरर कोड, म्हणजे गाडीत साठलेली बिघाडाची नोंद, पुसला की तुमच्या हातातला पुरावा गेला. तुमची तक्रार बिघाडापेक्षा त्या पट्टीवर जास्त उभी आहे. जुन्या गाडीत बिघाड निघणारच, ग्राहक आयोगही तेवढ्यावरून दुकानदाराला जबाबदार धरेल असं नाही. पण कोणीतरी बिघाड झाकून ठेवला होता, हे सिद्ध झालं तर प्रकरणच वेगळं होतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये वस्तुस्थिती माहीत असून ती सक्रियपणे लपवणं ही फसवणूक मानली आहे. तुमचा दुकानदार उद्या म्हणेल, "साहेबांनी चक्कर मारून बघितली होती, तेव्हाच का नाही पाहिलं?" या बचावाचा आधार कलम १९ च्या अपवादात आहे: थोडी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, अशा ठिकाणी करार रद्द करता येत नाही. पण तो अपवाद चुकीची माहिती आणि फसवं मौन यांच्यापुरता आहे. मुद्दाम पट्टी लावून झाकणं त्यात बसत नाही. म्हणून दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत "गाडी खराब निघाली" यापेक्षा "दिवा झाकलेला होता" हे वाक्य वर यायला हवं.

त्यावर तो म्हणेल, पट्टी आधीच्या मालकाने लावली असेल, मला काय माहीत. म्हणूनच त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश महत्त्वाचा. पट्टी कोणीही लावली असो, "एबीएस चालू" हे त्याने लिहून दिलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते: सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला नकार देणं, बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, हीसुद्धा अनुचित प्रथा. त्यामुळे लेखी मागणी आत्ताच करून ठेवा. आधीच्या मालकाचं नाव आरसीवर आहे. त्यांच्याशी भांडू नका, नम्रपणे विचारा, गाडी दिली तेव्हा दिवा जळत होता का, आणि उत्तर मेसेजमध्ये मागा. ते तुमच्या बाजूचे साक्षीदार ठरू शकतात.

आता पुरावा. पट्टी फेकली नसेल तर पाकिटात घाला, वर तारीख आणि इलेक्ट्रिशियनची सही घ्या. त्याचं प्रतिज्ञापत्र पुढे लागेल, म्हणून त्याला आत्ताच विचारून ठेवा. मग गाडीचा एक सलग व्हिडिओ काढा: नंबर प्लेट, चेसिस नंबर, मीटरवरचे किलोमीटर, आणि किल्ली ऑन केल्यापासून गाडी थोडी पुढे जाईपर्यंतचा डॅशबोर्ड. चांगल्या गाडीत एबीएसचा दिवा किल्ली लावताच पेटतो आणि गाडीने थोडा वेग घेतला की विझतो. कधीच न पेटणारा दिवा बघून लोक निश्चिंत होतात, खरं तर तो बिघडलेला तरी असतो किंवा झाकलेला. जुनी गाडी घेताना हा एकच दिवा नीट पाहिला तरी बरंच कळतं.

एक सापळा इथे आहे. बॅटरी बसलेली असताना व्होल्टेज कमी पडलं की एबीएसचा दिवा तेवढ्याने पेटू शकतो. दुकानदाराचा वकील हे पहिल्याच तारखेला म्हणेल. म्हणून गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर न्या, आधी चार्ज झालेली बॅटरी लावून घ्या, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात का ते मोजून घ्या, आणि मगच एबीएसचे कोड स्कॅन करायला सांगा. हे सगळं जॉब कार्डवर याच क्रमाने लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. कोड पुसू नका असं स्पष्ट सांगा. बॅटरी नुसती जुनी होऊन गेली असेल तर तिचा खर्च दुकानदाराकडून मागू नका. झिजणारी वस्तू तक्रारीत घातली की बाकीची तक्रारही हलकी पडते.

तुम्हाला वाटेल, एका दिव्यासाठी एवढं काय. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्या गाडीत ते कायद्याने असायलाच हवं. पावसात घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर समोर अचानक रिक्षा थांबली आणि चाक लॉक झालं तर काय होतं, हे रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला माहीत आहे. ज्या माणसाने ती पट्टी लावली त्याने तुमचा जीव पणाला लावला, असंच मी म्हणेन. आयोगासमोरही हे बोलायला कचरू नका. आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नका. दोष माहीत असून चालवली आणि अपघात झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० (असुरक्षित अवस्थेतली गाडी चालवणं) तुमच्यावरही येऊ शकतं.

पावतीवरच्या शिक्क्याची भीती बाळगू नका. ग्राहक कायद्यात 'अन्याय्य करार', म्हणजे ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी अटींचा करार, ही वेगळी संकल्पना आहे, पण तिचा निवाडा जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे आहे. जिल्हा आयोगात तक्रार सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा यावरच मांडा. लपवलेल्या दोषावर पांघरूण घालायला असा शिक्का पुरत नाही, असा युक्तिवाद करता येतो.

तक्रार कुठे? कामोठे रायगड जिल्ह्यात, त्यामुळे अलिबागच्या आयोगातही दाखल करता येते. पण दुकान ठाण्यात आणि तुम्ही नोकरीला ऐरोलीत, दोन्ही ठाणे जिल्हा. म्हणून मी ठाणे जिल्हा आयोग सुचवेन. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. तपासणी लागणार असेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. कायद्याने अशा प्रकरणाचा निकाल ५ महिन्यांत अपेक्षित आहे, प्रत्यक्षात जास्त लागतो, हे धरून चला. व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्यावरच दुकानदार हलतो.

पोलिसांत अर्ज देता येईल, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे. पण तिथे सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि बहुतेकदा "दिवाणी मामला" म्हणून परत पाठवतात. माझ्या मते आधी आयोग.

आरसीबद्दल: राग म्हणून ट्रान्सफर अडवून ठेवू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० द्यायचा असतो, आणि ही मुदत तुमच्याही डोक्यावर आहे. नावावर केली म्हणून दोषाचा हक्क सुटत नाही, नोटिशीत "हक्क राखून ट्रान्सफर करत आहे" असं एक वाक्य घाला. दुकानदाराला विचारा, तो नोंदणीकृत वाहनांचा अधिकृत डीलर आहे का. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं आणि गाडी ताब्यात आली की मालकाने व त्याने फॉर्म २९सी मध्ये कळवायचं असतं. कागद नसतील तर तेही नोटिशीत लिहा. विमाही नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, मागणी दोनपैकी एक: पैसे परत, किंवा अधिकृत सेंटरवर एबीएसची पूर्ण दुरुस्ती त्याच्या खर्चाने, शिवाय त्रासाची भरपाई. तुम्ही गाडी पंधरा दिवस चालवली आहे, म्हणून पूर्ण रक्कम मिळेलच अशी आशा मी देणार नाही. दुरुस्तीचा खर्च आणि भरपाई मिळण्याची शक्यता जास्त वाटते. नोटीस पोचली की बहुधा फोन येईल, "येऊन जा, मिटवून टाकू." जा, पण कोऱ्या कागदावर किंवा "पूर्ण समाधान" लिहिलेल्या पावतीवर सही करू नका. आधी सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड आणि दिवा विझल्याचा व्हिडिओ हातात घ्या, मग सही.