न आलेले पेशंट

प्रिय डॉक्टर,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. सरकारी ग्रामीण सेवेच्या बॉण्डचे पैसे भरून मोकळी होऊ का, म्हणतेस. हो, नाहीतर नको होऊस. पीजी तर करशीलच. पण 'ओपीडीत जेमतेम तीस पेशंट, खोकला नि खरूज, इथे काम काय आहे?' हे वाचलं आणि माझा चहा गार झाला.

अगं, तुझे पेशंट तीस कुठले? डोंगरी-आदिवासी भागात एका पीएचसीमागे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रामागे, 20,000 माणसं धरलेली असतात, उपकेंद्रामागे 3,000. दवाखाना काय, आलेल्याला बघतो. पीएचसीला न आलेलाही बघावा लागतो.

सातपुड्यात पीएचसीला होतो तेव्हा एक बाई तपासायला आली. सातवा महिना, बीपी 150/100, पायांवर सूज. मी कार्डावर लाल पेनाने लिहिलं, 'आठ दिवसांनी या'. लाल पेनाने! तिला वाचता येत नव्हतं. आठव्या दिवशी ती आली नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण समोर रांग होती. बाराव्या दिवशी चार जणांनी तिला बांबूच्या झोळीतून आणलं. झटके चालू होते. जीपमध्ये घातली, तालुक्याला पोचली नाही. त्या दिवसाचं ओपीडी रजिस्टर मात्र अगदी चोख भरलेलं होतं.

म्हणून न आलेल्यांची यादी कर. टीबीचंच बघ. औषध सहा महिन्यांचं, पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते. दिवाळी झाली की माणूस ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघतो, गोळ्या घरात खुंटीला. तो गेला हे तुझ्या केंद्राशिवाय कुणाला कळणार? आलेले तीस तुला शोधत येतातच. न आलेल्यांचं काय?

तू विचारशील, मग तुम्ही का सोडलंत? मुलीची शाळा होती. बदलीचे तीन अर्ज पडून होते. तालुक्यात दवाखाना काढला, तिथेही गरिबांकडून फी घेतली नाही, विचार कुणालाही. पळून गेलो नाही मी. बरं, थोडा पळालो.

यादी कर, एवढंच. उद्या तुमच्याकडे बाजार आहे ना? आशाताई येतील. त्यांना चहाला बसव, गरोदर बायांचं रजिस्टर काढ आणि तारीख चुकलेली नावं मोठ्याने वाच. कोण माहेरी गेली, कोण सुरतेला, त्यांना तोंडपाठ असतं. तू पेन घेऊन बस. निळं.