‘संशयित’ कुठपर्यंत आणि ‘गुन्हेगार’ केव्हापासून?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय : ‘शेजारच्या गावात बांधाच्या भांडणात खून झाला. चौघांच्या डोळ्यांदेखत झाला. तरी पेपरात “बांधाच्या वादातून खून, संशयितास अटक”. सगळ्या गावाला माहीत असताना संशय कसला? सरळ गुन्हेगार म्हणायला काय हरकत आहे?’

हरकत आहे, आणि ती आधी भाषेचीच आहे. ‘गुन्हेगार’ फारसीतून आला. ‘गार’ हा प्रत्यय करणाऱ्याला लागतो. कामगार म्हणजे काम करणारा, तसा गुन्हेगार म्हणजे गुन्हा करणारा. हा शब्द तोंडातून गेला की ‘यानेच केलं’ एवढं अख्खं विधान आपण करून मोकळे होतो. ते सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने सरकार पक्षावर टाकली आहे आणि ठरवायचं काम कोर्टाचं आहे. हा प्रत्यय आधीच लावून टाकला तर काय होतं, ते आपल्याकडच्या भटक्या समाजांना विचारा. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलं. मूल जन्माला आलं की ‘गार’ लागलेलाच. तो शिक्का कायद्यातून पुसायला 1952 साल उजाडलं. लोकांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही.

‘आरोप’ हा शब्द मात्र मला फार मोलाचा वाटतो. रुह् या धातूपासून आलेला. रोप, वृक्षारोपण ही त्याचीच भावंडं. आरोप म्हणजे वर ठेवणं, चढवणं. शाळेत रूपक अलंकार शिकताना ‘उपमेयावर उपमानाचा आरोप’ घोकलेलं आठवत असेल. मुखावर कमळाचा आरोप केला म्हणून तोंडाला पाकळ्या फुटत नाहीत. वेदान्ती तर दोरीवर सापाचा अध्यारोप करतात, आणि उजेड आला की दोरी दोरीच असते. म्हणजे आरोप ही बाहेरून आणून ठेवलेली वस्तू आहे, हे शब्दातच आहे. फिर्यादीत नाव आलं की माणूस पोलिसांच्या कागदावर आरोपी होतो. दोषारोपपत्र दाखल होऊन कोर्ट आरोप निश्चित करतं, ते बरंच पुढे. ‘संशयित’ हा पेपरवाल्यांनी ‘आरोपी’च्याही आधीच्या पायरीसाठी रुळवलेला शब्द, आणि चांगला रुळवला.

आता ‘सगळ्या गावाला माहीत’. पाहिलं चौघांनी. गावाने ऐकलं. हा फरक दाखवायला मराठीत एक फार सुंदर शब्द आहे : ‘म्हणे’. ‘त्यानेच मारलं म्हणे.’ एवढ्याने बोलणारा सांगतो की मी तिथे नव्हतो. पहिल्या दिवशी पारावर प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ असतं. तिसऱ्या दिवशी ते गळतं आणि उरतं ‘त्यानेच मारलं’. नवा पुरावा काही आलेला नसतो, फक्त दोन अक्षरं गेलेली असतात. त्या चौघांनी साक्ष द्यावी, उलटतपासणीला उभं राहावं. बाकीच्यांनी ‘म्हणे’ जपावं.

हे मी अंगावर आलेल्या गोष्टीवरून सांगतो. सांगलीत एका दैनिकात मी मुद्रितं तपासायचो. वाळवा तालुक्यातल्या एका तरुणाला खुनाच्या संशयावरून धरलं आणि आमच्याकडे पहिल्या पानावर त्याच्या फोटोखाली ‘हाच तो खुनी’ असा मथळा लागला. माझ्या हाताखालून गेला. मी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. काही वर्षांनी तो निर्दोष सुटला. आतल्या पानावर चार ओळी, त्याही ‘पुराव्याअभावी सुटका’ अशा, म्हणजे केलं होतंच, नुसतं सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात तो कचेरीत आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही कात्रणं होती. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, ‘सायेब, तवा एवढी मोठी अक्षरं कुठनं आणलीसा?’ मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

अक्षराची किंमत मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ते आनंदीबाईने केलं, अशी कथा आहे. त्या खुनाचा छडा लावून राघोबादादांना तोंडावर दोषी सांगणारे रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. आनंदीबाईवरचा आरोप कुठल्याही न्यायासनापुढे सिद्ध झाला नाही. पण ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्या नावावर अडीचशे वर्षं चालू आहे.

राहिलं ‘बांधाच्या वादातून’. इथे ‘तून’ खटकतो. ‘वरून’ निमित्त सांगतो, ‘तून’ उगम सांगतो. नांगर धरणारा दर वर्षी वीतभर बांध कोरतो, मोजणी रखडते, सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव तसंच, भावकीत बोलणं बंद, त्यात दारू. या सगळ्यातून कुठे खून उगवला हे दुसऱ्या दिवशीच्या पेपराला कळत नाही. उलट टोकाला ‘नराधम’, ‘माथेफिरू’ हे शब्द. ते लिहिले की कारण शोधायचंच थांबतं, आणि पुढच्या बांधावर कुऱ्हाड निघेपर्यंत कुणी मोजणीबद्दल विचारत नाही. मयताच्या घरच्यांना राग येणार, त्यांनी काय शब्द वापरावा हे मी सांगणार नाही. पण बातमी मी अशी लिहीन : ‘बांधाच्या वादावरून खून, संशयितास अटक. दोन्ही घरांत जुना वाद असल्याचे फिर्यादीत म्हटले आहे.’ यात ‘म्हणे’ जागेवर आहे.