सुट्टीत कुठेही न जाता घरीच राहिलं तर सुट्टी वाया जाते का? तुमचा साधासुधा आनंद कोणता?

अजिबात वाया जात नाही. माझं तर म्हणणं आहे की हक्काची रजा मे महिन्यात उडवण्यापेक्षा जानेवारीत घ्यावी आणि आपल्याच गावात काढावी.

तुम्ही लिहिलंय की चार दिवस सुट्टी मिळाली, बाहेर जाणं जमलं नाही, आणि आता ऑफिसात सगळे ‘कुठे जाऊन आलात’ विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तेव्हा रजा घेऊन माणूस पंख्याखाली पडून राहण्यापलीकडे काय करणार? म्हणून मी रजा राखून ठेवते ती वेळ अमावस्येपासून गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेपर्यंतच्या दिवसांसाठी. मार्गशीर्षातली अमावस्या ते संक्रांतीच्या आसपासचे दिवस. पंचांगाप्रमाणे हा काळ कधी जवळजवळ महिनाभराचा असतो, कधी जेमतेम आठवड्याचा. या दिवसांत मी गाव सोडत नाही. रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूंकडे निवांत बघायचं, हे असं का होतं म्हणून कुणाला तरी विचारायचं, एवढं जमलं की माझी सुट्टी वसूल.

पहिला मान हुरड्याचा.

आमच्या नात्यातल्या एका मामांचं शेत अक्कलकोट रस्त्याला आहे. वेळ अमावस्येला सगळं गणगोत तिथे जमतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत पांडव मांडून पूजा होते, शेताला आंबील शिंपतात, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं जेवण शेतातच. (ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हंगामातल्या भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवून केलेली दाट भाजी. उंड्याबरोबर तिच्यासारखं दुसरं काही नाही.) पण त्या दिवशी गर्दी फार. हुरड्यासाठी मी नंतर एखाद्या साध्या वारी परत जाते, सकाळी, ऊन कोवळं असताना.

जमिनीत छोटा खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव केलेला असतो, ती आगटी. मामा ज्वारीच्या ताटांवरून कोवळी कणसं खुडून आणतात, दांडीला धरून विस्तवात खुपसतात आणि दाणे तडतडायला लागले की फिरवतात. बाहेर काढलेलं कणीस वरून काळपट, आतून हिरवं. ते दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं. चटका बसतो, पण थांबायचं नाही. दाणे सुटून ताटलीत पडतात, फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हाताशी उरतात ते वाफाळते, पोपटी, मऊ दाणे. मी त्या दाण्यांकडे बघत बसते आणि मामा ओरडतात, “काय बघलालीस गं? खा की! गार होलालंय.”

मामांची ही घाई उगीच नसते. गरम हुरडा लोण्यासारखा मऊ असतो आणि दहा मिनिटांत तोच चिवट होतो. दाण्यातलं पिष्ट उष्णतेने फुगून मऊ पडतं आणि गार होताना पुन्हा आवळतं. सकाळचा भात संध्याकाळी टणक लागतो, त्याचंही कारण तेच. गोडीचं कोडं त्याहून छान आहे. झाड दाण्याकडे साखर पाठवत असतं आणि दाणा ती हळूहळू पिष्टात बदलून साठवत असतो. हुरडा आपण खातो तो या दोन्हींच्या मध्ये, दाणा दुधातून बाहेर आलाय पण घट्ट झालेला नाही अशा वेळी. आणखी काही दिवस गेले की तीच ज्वारी होते, भाकरीची. म्हणजे एका शेतातला हुरडा फार तर आठवडाभर. शेतकरी थोडं थोडं मागेपुढे पेरून हा काळ लांबवतात. त्यातही खास हुरड्यासाठी सुरती, गूळभेंडी असे वाण लावतात, कारण त्यांचे दाणे कोंड्यातून चटकन सुटतात आणि चवीला गोड असतात. मालदांडी भाकरीसाठी राखलेली.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते पाण्याचं. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, परतीचा पाऊस संपतो, आणि त्यानंतर आभाळातून फारसं काहीच पडत नाही. तरी पीक डोक्याएवढं वाढतं. आमची काळी जमीन खोलवर ओल धरून ठेवते आणि मुळं त्या ओलीच्या मागे खाली खाली जातात. मंगळवेढ्याची ज्वारी तर याच जमिनीवर नावारूपाला आली, 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी कोठारं उघडली ती याच मंगळवेढ्याला. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, पाण्याच्या दिवशी घरातली एकेक कळशी भरून ठेवावी लागते, त्याच भागातली जमीन चार महिने ओल राखते, हे मला फार मोठं वाटतं.

आता भाकरी. रोजची गोष्ट, म्हणूनच सुट्टीत बघण्यासारखी. आमच्या सासूबाई परातीत पीठ घेतात, मधे आळं करतात आणि त्यात उकळतं पाणी ओततात. मी एकदा विचारलं, “आई, गार पाण्याने का नाही मळत?” त्या म्हणाल्या, “गरम पाण्याबिगर पिठाला विरी कुठनं येणार गं?” आणि खरंच, गव्हाच्या कणकेत ताणला जाणारा चिकटपणा अंगचाच असतो, ज्वारीत तो नाही. उकळत्या पाण्याने पिठातलं थोडं पिष्ट तिथल्या तिथे शिजतं आणि त्याचाच डिंक होतो. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. दळण जुनं झालं की विरी जाते, कडा फाटतात, आणि सासूबाई पिठाला नुसतं बोट लावून सांगतात की हे आठवड्यापूर्वीचं.

थापलेली भाकरी तव्यावर पडली की लगेच वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. त्या ओल्या थराचाच पुढे पापुद्रा होतो. आतली वाफ त्याला वर उचलते आणि भाकरी टम्म फुगते. कितीही वेळा बघितलं तरी ती फुगताना मी स्वयंपाकघरातून हलत नाही.

कडक भाकरीत याच्या उलट. ती अगदी पातळ थापायची, वर तीळ लावायचे, आणि भाजून झाल्यावर मंद आचेवर पूर्ण वाळू द्यायची. पाणीच उरलं नाही तर बुरशी धरणार कशावर? म्हणून ती कितीतरी दिवस टिकते. पावसाळ्यात मात्र डबा घट्ट लावावा लागतो. आमटीत कुस्करून खाल्लीत तर पहिला घास कुरकुरीत आणि शेवटचा मऊ, दोन्ही एकाच ताटात.

दुपारी जेवण झालं की चादर. सोलापूरची चादर सगळ्यांच्या घरात असते, पण ती उलटी करून निरखली आहे का कधी? एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असतो. सुलट-उलट असा भेद नाहीच. लहानपणी मी चादरीत डोकं खुपसून आतला मोर आणि बाहेरचा मोर जुळवून बघायचे आणि मला वाटायचं की तो रंगवलेला आहे. रंगवलेला नसतो, विणलेला असतो. जिथे नक्षी येते तिथे दोन रंगांचे धागे जागा बदलतात. वरचा खाली जातो आणि खालचा वर येतो.

कुठला धागा कधी उचलायचा हे ठरवतात ती मागावर लावलेली भोकांची कार्डं. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, एकमेकींना ओवून केलेली माळ, मागाच्या डोक्यावर फिरत असते. भोक आलं की धागा उचलला जातो, नाही आलं की नाही. फ्रान्समधल्या जाकार्ड नावाच्या माणसाने कार्डांवर चालणारा हा माग 1804 च्या सुमाराला उभा केला, आणि पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांच्या कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे संगणकाच्या वंशावळीत माग आहे. आमच्या पूर्व भागात, जिथे गल्लीगल्लीत तेलुगू बोललं जातं, तिथून जाताना अजून मागांचा खडखडाट ऐकू येतो. कुणी ओळखीचं असेल तर आत जाऊन उभं राहता येतं. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, पण डोळ्यांदेखत बोटबोट मोर तयार होताना दिसतो. पैसे देऊन काढलेल्या कुठल्याही सहलीत मला इतकं पोटभर बघायला मिळालेलं नाही.

आणि मग गड्डा.

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची ही यात्रा. त्यांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापली, आणि आजही यात्रेच्या पहिल्या दिवशी नंदीध्वज त्या सगळ्या लिंगांना तैलाभिषेक करत गावभर फिरतात. दुसऱ्या दिवशी अक्षता. कथा अशी सांगतात की एका कुंभारकन्येला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला संमती दिली. ते लग्न आम्ही दरवर्षी लावतो. तळ्याकाठी संमती कट्टा आहे, तिथे मंत्र म्हटले जातात, “सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम” असा घोष होतो आणि त्याबरोबर हजारो मुठी उघडतात. अक्षता सगळ्यांनी घरून आणलेल्या. या लग्नाला पत्रिका नाही, वरपक्ष-वधूपक्ष नाही, मानपानावरून रुसणं नाही. कानडी, मराठी, तेलुगू, हिंदी सगळं एका वेळी कानावर पडत असतं आणि प्रत्येक जण घरचं कार्य असल्यासारखा आलेला असतो. मला गर्दी एरवी सोसत नाही. या गर्दीत मी दरवर्षी जाते.

नंदीध्वज तुम्ही पाहिले नसतील तर सांगते. उंचच उंच लाकडी काठ्या, सजवलेल्या, एकूण सात. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस ती काठी कमरेच्या आधाराने तोलून चालतो. थकला की दुसरा पुढे येतो, पण काठी आडवी होत नाही. हे जमतं कसं याचं मला कुतूहल होतं. उत्तर गल्लीतच मिळालं. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री सराव चालतो. पोरं ऑफिस, दुकान, कारखाना उरकून येतात आणि जड काठी तोलायला शिकतात. त्यातला एक सांगत होता, “ताई, जमिनीकडं बघायचं नाही, काठीच्या टोकाकडं बघायचं. पाय आपोआप जातात.” सरावाच्या त्या रात्री, हातात चहाचा कप घेऊन कट्ट्यावर बसून बघणं, मला मुख्य मिरवणुकीइतकंच प्रिय आहे.

याच दिवसांत 12 जानेवारी येते. 1931 साली त्या तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. गावात यात्रेची तयारी चाललेली असते, पाळणे उभे राहत असतात, आणि चार पुतळ्यांपाशी हार घालायला लोक येतात. मी मुलांना घेऊन जाते. चारही नावं त्यांना पाठ आहेत.

तुमच्या गावात हुरडा नसेल, गड्डा नसेल. पण जेवणातला एखादा पदार्थ, अंगावरचं एखादं कापड, गल्लीतला एखादा उत्सव असेलच. त्यातलं एक धरा आणि जो माणूस ते करतो त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा. लोक भरभरून सांगतात, असा माझा अनुभव आहे.

आणि पुढच्या सुट्टीत खरंच निघायचं झालं तर इकडे या. मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालात की सकाळी सोलापूर, पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस आहे. अक्षतेच्या दिवशी सकाळीच कट्ट्याकडे पोचा, नंतर रस्ते बंद असतात. हुरड्याला जाताना शेतावर आधी कळवा आणि नाश्ता करून जाऊ नका. परतताना शेंगा चटणी घ्या, पण कुटलेली घ्या. मिक्सरचं पातं दाण्याचे नुसते तुकडे करतं, मुसळाच्या घावाने दाणा चेंगरून त्यातलं तेल बाहेर येतं आणि लसूण-तिखट त्यात मुरतं. दुकानदार चव बघायला चिमूटभर देतोच. ती बोटांत दाबून बघा, बोटाला तेल लागलं तरच अर्धा किलो बांधायला सांगा.