महाराजांचे वकील कुठल्या कोर्टात जायचे?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या फोनवरून आलेला तुझा प्रश्न ऐकला. पुस्तकात पंताजी गोपीनाथ महाराजांचे वकील, कृष्णाजी भास्कर अफजलखानाचे वकील. मग केस कुठल्या कोर्टात चालली?

कोर्ट नव्हतंच रे. 'वकील' मूळचा अरबी. ज्याच्यावर काम सोपवलं, जो आपल्या वतीने बोलतो, तो वकील. राजे काही उठसूट एकमेकांच्या भेटीला जात नसत, वकील जायचे. १६५९ साली पंताजी खानाच्या छावणीत गेले ते निरोप द्यायला, आणि खानाच्या पोटात काय आहे ते काढायलाही. मला विचारशील तर दुसरं काम जास्त मोलाचं. पेशवाईत हिंगणे घराण्यातले वकील दिल्लीला राहून तिथली बित्तंबातमी पुण्याला लिहून पाठवायचे.

आपल्या खानदेशातही असे वकील आले. रावेरहून गाडीने तू मामाकडे बुऱ्हाणपूरला जातोस ना, ती फारुकी सुलतानांची राजधानी. १५९१ साली अकबराने तिथल्या राजा अलीखानाकडे कुणाला पाठवावं? फैजीला, म्हणजे चक्क दरबारातल्या कवीला! फौजेच्या आधी गोड बोलणारा माणूस. अलीखान वळला, १५९७ साली मुघलांच्या बाजूने लढताना मारलाही गेला. तरी १६०१ साली अकबराने असीरगड घेतलाच. पुढे १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला आला आणि शाहजादा परवेझला भेटला.

मग काळा कोट कधी चढला? दरबारात धन्याची बाजू मांडणारा वकील, तसा अदालतीत अशिलाची बाजू मांडणाराही वकीलच. इंग्रजी अमलात दरबार ओसरले, अदालती वाढल्या, आणि कोर्टातलाच अर्थ तोंडी राहिला. जुना अर्थ 'वकिलाती'त टिकून आहे. मस्कतला आमचे पासपोर्ट नवे होतात ते भारतीय वकिलातीकडून.

गंमत म्हणजे इथल्या अरबीत कोर्टातला वकील 'मुहामी' आणि वकिलात 'सिफारा'. 'वकील' म्हणजे इथे कंपनीचा एजंट, गाड्या विकणारासुद्धा! आजी तुला "ताईची वकिली करू नको" म्हणते, ती कुठल्या अर्थाने, ते तिलाच विचार.

या सुट्टीत मामाला तापीकाठचा शाही किल्ला दाखवायला सांग, आणि फोटो पाठव.

तुझे पप्पा