खाट एक, रुग्ण दोन

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अतिदक्षता विभागातली शेवटची खाट, दोन रुग्ण, पहाटेचे तीन, आणि निर्णय तुझ्या एकटीवर. ‘मी बरोबर निवडलं का?’ असं विचारतेस. त्याआधी हे विचार, की खाट कोणाला द्यायची याचा नियम कुठे लिहिलेला होता?

सिअ‍ॅटलमध्ये १९६२ साली डायलिसिसची यंत्रं मोजकीच होती. वैद्यकीय चाळणीनंतर कोणाला घ्यायचं, हे ठरवायला सात नागरिकांची समिती बसली. निकष त्यांना कुणी दिलेच नव्हते. मग लग्न, नोकरी, मिळकत, चर्चमधली हजेरी, सगळं तराजूत पडलं. माणसं वाईट नव्हती गं.

मीही वाईट नव्हतो. एकदा एकच व्हेंटिलेटर रिकामा होता. एका रुग्णाचा मुलगा माझ्याशी डॉक्टरांच्या भाषेत बोलत होता. दुसऱ्याची बायको दाराशी गप्प उभी होती. मी पहिल्याला घेतलं आणि केसपेपरवर ‘क्लिनिकल जजमेंट’, म्हणजे डॉक्टरचा स्वतःचा निर्णय, असं लिहिलं. दुसरा सकाळी गेला. कदाचित तसाही गेला असता. पण त्या बाईने विचारलं असतं, तर सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. तिने विचारलंच नाही.

म्हणून सांगतो, नियम आधी लिहा आणि उघड लिहा.

नियम निर्दयी असतो म्हणतेस? अमेरिकेत २००२ पासून यकृत प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी मेल्ड नावाच्या गुणांकावर चालते. सुरुवातीला बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन या रक्ततपासण्यांवरून मरण किती जवळ आहे ते मोजायचे; गुण जास्त, त्याचा नंबर आधी. आता, बायकांचं क्रिएटिनिन मुळात कमी, म्हणून त्यांचे गुण कमी भरत आणि त्या मागे पडत. हा अन्याय दिसला, कारण सूत्र सगळ्यांसमोर होतं. २०२३ मध्ये ते सुधारलं. माझ्या त्या रात्रीतली चूक कुणाला दिसणार होती?

पुढे मी विभागात नियम लिहायला लावले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, डॉक्टरवर विश्वास नाही का? नाही, पहाटे तीनच्या डॉक्टरवर नाही. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी हटलो नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं आजही वाटत नाही.

रडून झालं असेल तर मसुद्याला बस. उपचार करणाराच निवडणारा नको. दोघांची वाचण्याची शक्यता सारखी असेल तर चिठ्ठी टाका. हुद्दा आणि ओळख बघू नका. नातेवाइकांना दाद मागायला जागा ठेवा. आणि मला पाठव, आठवड्याच्या आत.

तुझा,
सर