लोक एकदा येतात, परत येत नाहीत: मेकरस्पेसमधले वर्ग कसे घ्यावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकरस्पेसची, म्हणजे हत्यारं आणि यंत्रं सगळ्यांनी मिळून वापरायची, जागा उभी राहिली आहे, लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगची (वितळलेल्या धातूने विजेचे भाग जोडायची) टेबलं, शिवणयंत्रं, ड्रिल मशीन आणि थोडी सुतारी हत्यारं आहेत. शिकवायला सात-आठ सदस्य तयार आहेत. तीन कार्यशाळा झाल्या, तिन्ही भरल्या, लोक खूश होऊन गेले. पण नंतरच्या खुल्या संध्याकाळी त्यांतलं कुणीच स्वतःचं काम घेऊन आलं नाही. मग पुढचे वर्ग कोणते आणि कसे घ्यायचे?

मी बरीच वर्षं असे वर्ग घेते आहे. तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य वाचून मी थांबले: 'वेळ कमी पडला म्हणून शेवटी बऱ्याच जणांचं आम्हीच पूर्ण करून दिलं.' माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच आहे. माणूस वस्तू घेऊन घरी गेला, पण ती आपल्याला जमते का, हे त्याला कळलंच नाही. अडलेल्या जागी दुसऱ्याचा हात पुढे आला आणि नेमकी शिकायची जागा निघून गेली. असा माणूस खुल्या संध्याकाळी एकटा कशाच्या भरवशावर येईल?

म्हणून माझ्या वर्गांना एकच पक्का नियम आहे. शिकणाऱ्याच्या कामाला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही. दाखवायचं असेल तर शेजारी स्वतःचा वेगळा तुकडा घेऊन दाखवायचं. मी टेबलांमधून फिरताना हात अक्षरशः पाठीमागे बांधून फिरते, कारण ते मोकळे असले की पुढे जातातच. धोका दिसला तर अर्थात लगेच थांबवायचं, तिथे नियम नाही.

हा नियम पाळायचा तर बाकीचं सगळं त्याभोवती बेतावं लागतं. पहिली गोष्ट संख्या. खुर्च्या मोजू नका, हत्यारं मोजा. सहा सोल्डरिंग आयर्न असतील तर सहा माणसं, सातवं नको. दोघांत एक दिलं की एक जण करतो आणि दुसरा बघतो, आणि बघणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला करायची जास्त गरज होती. सहा जणांना एक शिकवणारा आणि एक मदतनीस. पटाशी आणि रंध्याचा वर्ग असेल तर मी चारच घेते. लेझरचा हिशोब तर कागदावर करूनच बघा: मशीन एक, प्रत्येकाचं कटिंग बारा मिनिटांचं आणि माणसं आठ, म्हणजे 96 मिनिटं नुसती रांग. त्या रांगेत उभं राहून कुणी काही शिकत नाही.

पहिला वर्ग कोणता, यावर माझं मत ठाम आहे: सोल्डरिंग. साहित्य कमी लागतं, चूक लगेच डोळ्यांना दिसते, आणि मुख्य म्हणजे ती उलटवता येते. दोन तासांचा वर्ग मी कसा घेते ते सविस्तर सांगते, कारण बाकीच्या वर्गांचाही साचा यातूनच निघतो.

सुरुवातीची दहा मिनिटं: आयर्नचं कोणतं टोक तापतं, स्टँड कुठे, धूर ओढणारा पंखा कुठे, आणि चष्मा का. चष्मा मुख्यतः कापलेल्या तारांसाठी. पार्टचा, म्हणजे जोडायच्या सुट्या भागाचा, तारेचा पाय कटरने छाटला की तुकडा गोळीसारखा उडतो. तो कापताना बोटाने धरायचा, ही सवय पहिल्याच दिवशी लावून टाकायची. धुराबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, तोही तिथेच दूर करावा. या तापमानाला सोल्डरमधल्या शिशाची वाफ होत नाही. धूर असतो तो फ्लक्समधल्या (जोड नीट बसावा म्हणून सोल्डरमध्ये असलेल्या पदार्थातल्या) राळेचा, आणि त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो. शिसं लागतं ते बोटांना, तिथून तोंडात जातं. म्हणून टेबलावर काही खायचं नाही आणि निघताना साबणाने हात धुवायचे.

मग लगेच किट देऊ नका. इथेच बहुतेक वर्ग चुकतात. आधी भोकांची कोरी पाटी आणि साध्या तारेचे तुकडे द्या आणि पंधरा-वीस जोड करायला सांगा, ज्यांचा काहीही उपयोग नाही. पहिले पाच जोड सगळ्यांचे मण्यासारखे गोल होतात. कारण एकच असतं, आयर्नच्या टिपेवर, म्हणजे तापलेल्या टोकावर, सोल्डर वितळवून ते जोडावर थापलेलं असतं. टिप भोकाभोवतीच्या तांब्याच्या गोलाला आणि तारेला एकाच वेळी टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि सोल्डर टिपेला न लावता जोडाला लावायचं. जोड पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून आत ओढलं जातं आणि कडांकडे उतरत जाणारा लहानसा शंकू तयार होतो. तो पहिला शंकू दिसल्यावर चेहरे बदलतात, आणि तो क्षण आपण हिरावून घ्यायचा नाही.

कुणीतरी हमखास विचारतं: 63/37 चं (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतं, मग आयर्न 330-350 वर का ठेवायचं? फार चांगला प्रश्न आहे, त्याला वेळ द्या. टिप टेकवल्याबरोबर तांबं उष्णता ओढून घेतं. टिप जेमतेम तापलेली असेल तर जोड तापायला वेळ लागतो, तोवर फ्लक्स जळून जातो आणि पार्टही भाजत राहतो. जोड दोन-तीन सेकंदांत व्हावा म्हणून वरची उष्णता हाताशी ठेवायची. बिनशिशाच्या सोल्डरला आणखी थोडं जास्त लागतं, कारण ते साधारण 217 ला वितळायला लागतं. नवख्यांना मी शक्यतो शिशाचंच देते. ते नीट वाहतं आणि शिकताना चूक कशामुळे झाली ते शोधणं सोपं जातं. मुलांच्या वर्गात मात्र बिनशिशाचं, तिथे तडजोड नाही.

यानंतर काढायला शिकवा. प्रत्येकाला तांब्याची जाळीची पट्टी द्यायची आणि आत्ताच केलेले तीन चांगले जोड उसकटायला लावायचे. पट्टी जोडावर, टिप पट्टीवर, आणि सोल्डर पट्टीत शोषलं जातं. बऱ्याच ठिकाणी हा भाग वेळ नाही म्हणून गाळतात. मी बाकी काहीही गाळेन, पण हा नाही. चूक मागे फिरवता येते हे हाताला कळलं की हात थरथरायचे थांबतात. पुढच्या वेळी एकट्याने बसायचं धाडस इथून येतं.

मग शेवटच्या पन्नास मिनिटांत छोटं किट. 3 व्होल्टचा नाण्यासारखा सेल, बटण आणि दोन एलईडी एवढं पुष्कळ आहे. एलईडीचा लांब पाय धनाकडे, हे मी आधी सांगत नाही. या सेलवर तो उलटा बसला तर पेटत नाही, एवढंच, बिघडत नाही. कुणाचा तरी उलटा बसतोच. मग सगळ्या टेबलाला विचारायचं की एकाचा लागतो आणि एकाचा नाही, तर दोन्हींत फरक काय दिसतो? शोधतात. मग जाळीची पट्टी घेऊन स्वतःच काढतात आणि फिरवून बसवतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा, धन-ऋण बाजू असलेला पार्ट) मात्र पहिल्या किटमध्ये ठेवू नका. तो उलटा बसला तर फुगतो, कधी फुटतो. जिथे चूक करू द्यायची ठरवली आहे, तिथे ती निरुपद्रवी असली पाहिजे, आणि ही खात्री किट निवडतानाच करायची.

शिवणयंत्राच्या वर्गातही हाच विचार उपयोगी पडतो. कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं की नवखा माणूस बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाशी, झगडतो, कारण गुंता खाली दिसतो. पण कारण बहुधा वर असतं. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. पाय वर करून पुन्हा ओवला की गुंता थांबतो. हे मी सांगून टाकत असे तेव्हा पुढच्या आठवड्यापर्यंत कुणाच्याही लक्षात राहत नसे. आता मी फक्त विचारते, दोरा वरून खालपर्यंत कुठे कुठे जातोय ते मला बोट ठेवून दाखवा. एका बाईंनी असं तीनदा गुंतलेलं यंत्र स्वतः सोडवलं, आणि पुढच्या खुल्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं अडलेलं यंत्र त्याच सुरू करून देत होत्या. त्यांनी शिवलेली पिशवी कशी होती ते मला आठवत नाही, पण ती संध्याकाळ चांगली लक्षात आहे.

आता मोठी यंत्रं. इथे चूक करू द्यायची नाही, म्हणून वर्गाची जातच वेगळी ठेवा. वस्तू बनवण्याचा वर्ग आणि यंत्र वापरण्याच्या परवानगीचा वर्ग एकत्र करू नका. वस्तू समोर असली की माणसाचं सगळं लक्ष तिच्यात असतं, सुरक्षिततेचं बोलणं कानावरून जातं.

लेझरच्या परवानगीत मी सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवते: काय कापायचं नाही. पीव्हीसी कापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक, आणि यंत्राचे रूळ आणि आरसेही खाऊन टाकतो. रेक्झिनसारखं कृत्रिम कापड बहुतेक वेळा पीव्हीसीचंच असतं, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पॉलिकार्बोनेट दिसायला ॲक्रिलिकसारखं पारदर्शक, पण ते नीट कापलं न जाता तपकिरी होऊन जळतं. शंका असेल तर जबाबदार सदस्याने तांब्याच्या तारेची परीक्षा करावी: तार तापवून प्लास्टिकला टेकवायची, मग ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची शक्यता मोठी, तो तुकडा यंत्रात जाणार नाही. ही परीक्षा हवा खेळती असेल तिथेच करायची. दुसरी गोष्ट, कटिंग चालू असताना यंत्र सोडून जायचं नाही. पाणी प्यायलाही नाही. ॲक्रिलिक आणि पुठ्ठा पेट घेतात, आणि पहिल्या काही सेकंदांत बघणारं कुणी असेल तरच ते किरकोळ राहतं.

परवानगीची परीक्षा मी लेखी घेत नाही. तीन-चार तुकडे देते, त्यातल्या एकावर कशाचंही नाव नसतं. 'हा कशाचा आहे माहीत नाही, मी कापणार नाही' असं जो म्हणतो, तो पास. बाकी फोकस लावणं, वेग-ताकद ठरवणं हे तक्त्यावर लिहून भिंतीला लावलं तरी चालतं.

ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून नवीन माणसाला आश्चर्य वाटतं, म्हणून कारण सांगा: फिरतं टोक मोज्याचा धागा पकडतं आणि मोज्यासकट हात ओढतं. सैल बाह्या, गळ्यातली माळ, मोकळे केस, सगळ्यांना हाच नियम, आणि तो वर्गाच्या सूचनेतच लिहा म्हणजे कुणाला दारातून परत पाठवावं लागणार नाही. पातळ पत्रा हाताने धरून कधीही भोक पाडायचं नाही. टोक पलीकडे निघताना पत्र्याला अडकतं आणि अख्खा पत्रा पात्यासारखा फिरतो. क्लॅम्प लावायचा. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) मी नवख्यांच्या कोणत्याही वर्गात ठेवत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगचा वर्ग घ्याच, पण छपाई बघत बसण्याचा नको. दोन तासांतला दीड तास प्रिंटर काम करतो आणि माणसं बसून राहतात. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) द्या आणि घरातली एखादी तुटलेली मूठ किंवा झाकण घेऊन यायला सांगा. मोजायला शिकवा. 5 मिलिमीटरची दांडी बसवायची असेल तर भोक 5 चं काढून चालत नाही, छापलेलं भोक थोडं आक्रसतं, दोन-तीन दशांश मिलिमीटर सोडावे लागतात, हे एकदा स्वतःच्या मुठीवर अनुभवलं की पुन्हा विसरत नाही. छपाई नंतर होऊ द्या. घ्यायला यावं लागतंच.

परत येण्याबद्दल: वर्ग संपताना पुढची खुली संध्याकाळ तारखेसह सांगा, आणि त्या संध्याकाळी तोच शिकवणारा त्याच टेबलाशी असेल याची व्यवस्था करा. ओळखीचा चेहरा दिसला की दारातला संकोच निम्मा होतो. सोल्डरिंगचं किट चालू अवस्थेत घरी द्यायचं, पण त्याला डबी नसते. डबी करायला यायचं.

कुणाला शिकवायला लावावं? तुमच्याकडचा सगळ्यात जाणकार सदस्य एकट्याने नको. त्याच्या जोडीला असं कुणीतरी द्या जे सहा महिन्यांपूर्वीच हे शिकलं आहे. कुठे अडतं ते त्यालाच आठवत असतं. शुल्क साहित्याचा खर्च आणि खराब होणाऱ्या टिपा निघतील एवढं ठेवा. अगदी फुकट ठेवलं की नाव नोंदवून न येणारे वाढतात, आणि सहाच जागा असताना ते परवडत नाही.

पुढचा वर्ग जाहीर करण्याआधी एक रंगीत तालीम घ्या. ज्याने आयुष्यात सोल्डरिंग केलेलं नाही असा एक सदस्य बसवा, घड्याळ लावा, आणि शिकवणाऱ्याला शेजारी वही घेऊन उभं करा. तुमचा हात आपोआप पुढे जायला लागेल ती प्रत्येक वेळ टिपून ठेवा. वर्गाची जास्तीची मिनिटं तिथे द्यायची आहेत.